जुन्या गाडीचा खालचा पत्रा कसा वाचवायचा: कोल्हापूरच्या पावसात टिकणारं कोटिंग, पायरीपायरीनं

जॅक लावला, हँडल फिरवलं, आणि गाडी वर जायच्या ऐवजी जॅकच पत्र्यात घुसला. वडिलांची १९८४ ची प्रीमियर पद्मिनी. खाली वाकून पाहिलं तर दरवाज्याखालचा आडवा पट्टा पापडासारखा मोडलेला, आणि त्याच्यावरचा काळा थर मात्र कातड्यासारखा शाबूत लोंबत होता. तीन पावसाळ्यांपूर्वी तो थर मी एका गॅरेजमध्ये मारून घेतला होता. दुपारी गाडी दिली, संध्याकाळी खालून काळीभोर होऊन परत आली. मला तेव्हा समाधान वाटलं होतं.

पट्टा कापून उघडला तेव्हा आतून ओंजळी भरभरून तांबडी माती निघाली. तिच्यात उसाचं कुजलेलं पाचट होतं आणि गंजाचे पापुद्रे होते. पाणी बाहेर पडायची भोकं त्या काळ्या थरानंच बुजवून टाकली होती. बाहेरून संरक्षण म्हणून मारलेल्या थरानं आतलं पाणी कोंडून ठेवलं आणि पत्रा आतून बाहेर सडत आला. तेव्हापासून मी दोन्ही बाजूंचं काम स्वतः उभं राहून केलं. ते कोणत्या क्रमानं करायचं, कुठं घाई चालत नाही, ते इथं लिहितो. उदाहरण पद्मिनीचं आहे, पण अँबॅसेडरला किंवा त्या काळातल्या कुठल्याही गाडीला हेच लागू पडतं.

आधी समजून घ्या, सडतं कुठं

पद्मिनी आणि अँबॅसेडर या दोन्ही गाड्यांना जीपसारखी वेगळी चासी नाही. बॉडी हाच सांगाडा. त्यामुळे दरवाज्याखालचं सिल, ज्याला आपल्याकडं बरेच जण रनिंग बोर्ड म्हणतात, ते शोभेचं नाही. गाडीचा पुढचा आणि मागचा भाग ते एकत्र धरून ठेवतं. ते गेलं की दरवाजे नीट लागेनासे होतात, वळणावर बॉडी कुरकुरते, आणि अपघातात काय होईल ते सांगायला नको.

सिल ही पोकळ पेटी आहे. बाहेरचा पत्रा, आतला पत्रा, मध्ये पोकळी, खाली पाणी जायला भोकं. पुढच्या चाकानं उडवलेला चिखल मडगार्डच्या मागच्या खालच्या कोपऱ्यात साठतो आणि तिथून फटीतून आत उतरतो. दरवाज्याच्या काचेच्या रबरातून पाणी दरवाज्यात जातं. ते खालच्या कडेच्या भोकातून पडायला हवं. भोक बुजलं की दरवाज्याची खालची कड फुगते. मागच्या चाकाची कमान, डिकीच्या तळाचे कोपरे, पायाखालचा फ्लोअर, सगळीकडं गोष्ट एकच: ओल, माती आणि हवा न लागणारा कोपरा. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीपेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून रंगाला फोड दिसतो तेव्हा खालचं काम बरंच पुढं गेलेलं असतं.

आपल्या भागात याला जोर जास्त. जून ते सप्टेंबर गाडी क्वचितच पूर्ण सुकते. गगनबावडा किंवा आंबा घाट उतरून कोकणात गेलात की खारी हवा, वाटेत जांभ्याची माती. हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी रस्त्यावर आणलेला चिखल आणि खडी वेगळीच. पुढच्या चाकानं फेकलेला एक खडा सिलवरचा रंग टिचवतो, आणि तिथून सुरुवात होते.

तपासणी: कान, चुंबक आणि स्क्रूड्रायव्हर

गाडी धुऊन दोन दिवस उन्हात सुकवा. मग स्क्रूड्रायव्हर उलटा धरून त्याच्या मुठीनं सिलवर दर चार बोटांवर ठोकत जा. चांगला पत्रा ठणठणीत वाजतो. सडलेला किंवा पुट्टीनं भरलेला भाग बद्द वाजतो. कापडात गुंडाळलेलं छोटं चुंबक फिरवा. जिथं ते धरत नाही तिथं जाड पुट्टी आहे. आता टोकाच्या बाजूनं जरा दाबून पाहा. टोक आत गेलं तर वाईट वाटून घेऊ नका, ते आज कळलं हे बरं झालं.

आतून पाहायला फोनला जोडायचा वायरचा कॅमेरा मिळतो. तो पाणी जायच्या भोकातून आत सारा आणि सिलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत व्हिडिओ काढून ठेवा. आतला मेणाचा थर देताना याचा पुन्हा उपयोग होईल.

जॅक स्टँड वापरा. विटा किंवा लाकडी ठोकळ्यांवर गाडी ठेवून तिच्याखाली झोपू नका. आणि स्टँड सिलखाली नको, मागे अॅक्सलखाली आणि पुढे सस्पेन्शनच्या भक्कम क्रॉसमेंबरखाली, म्हणजे आडव्या लोखंडी तुळईखाली लावा.

हे काम कधी करायचं

फेब्रुवारी ते एप्रिल. डिसेंबर-जानेवारीतही चालतं, पण सकाळी पत्र्यावर दव असतं. हाताला कोरडा वाटला तरी दहा-अकरा वाजेपर्यंत थांबा. रंगकामातला नियम असा की पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला दव धरायला लागतं त्यापेक्षा, किमान ३ अंश सेल्सियस वर असावं आणि हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत. जुलैत कोल्हापुरात या दोन्ही अटी एकत्र पाळणं कठीणच. एप्रिल संपत आला की दुपारनंतर वळीव कधी येईल याचा नेम नाही, म्हणून फवारणी सकाळी उरकायची. जवळ साखर कारखाना किंवा गुऱ्हाळ असेल तर हंगामात धुराड्याची काळी राख ओल्या रंगावर येऊन बसते. तेव्हा शेड बंद हवी.

सडलेलं कापा, झाकू नका

गंज खाऊन भोक पडलं असेल तर तिथं कोणतंही कोटिंग चालत नाही. फायबर, पुट्टी, वर्तमानपत्र कोंबून वर काळा थर, असले प्रकार मी उघडलेल्या गाड्यांमध्ये पाहिले आहेत. सडका भाग चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचा आणि नवा पत्रा वेल्ड करायचा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात पत्रा वाकवून देणारे आणि सीओटू वेल्डिंगचे चांगले कारागीर आहेत. जुना तुकडा नमुना म्हणून सोबत न्या. पातळ पत्र्याला गॅस वेल्डिंगपेक्षा सीओटू बरं, उष्णता कमी पसरते आणि पत्रा कमी वाकतो.

कापण्याआधी दरवाज्याच्या चौकटीत आडवा लोखंडी अँगल वेल्डिंगच्या ठिपक्यांनी तात्पुरता जोडून घ्या. सिल कापल्यावर बॉडी किंचित बसते, आणि तशीच वेल्ड झाली की दरवाजा पुन्हा जन्मात नीट लागत नाही. बॅटरी काढा, कार्पेट आणि सीट बाहेर, पेट्रोलचे पाइप दूर, हाताशी पाणी आणि आग विझवायचं सिलिंडर. जे पत्रे एकमेकांवर बसून वेल्ड होणार आहेत त्यांच्या आतल्या बाजूला वेल्डिंगला चालणारा जस्ताचा प्रायमर मारा. पुन्हा तिथं ब्रश पोचणार नाही.

इथं एक मोह होतो. आपलं गाव फाउंड्र्यांचं, शॉट ब्लास्टिंगची सोय शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत सहज मिळते. पण ते यंत्र कास्टिंग साफ करायला आहे. मिलिमीटरभर जाडीचा बॉडीचा पत्रा त्या माऱ्याखाली ताणला जाऊन लाटा मारतो, आणि त्या लाटा पुन्हा सरळ होत नाहीत. सस्पेन्शनचे आर्म, ब्रॅकेट यांना ब्लास्टिंग जरूर करा. सिल आणि मडगार्ड हातानंच.

सफाई: सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात महत्त्वाची पायरी

जुनं डांबरी कोटिंग असेल तर हीट गनची हलकी ऊब देऊन पत्र्याच्या पट्टीनं खरवडा. थंडगार सकाळी ते कडक असतं आणि छिन्नीनं टवके उडतात, तेही सोपं जातं. उरलेलं केरोसीननं पुसा. मग ग्राइंडरवर वायरचा कप किंवा खडबडीत स्ट्रिपिंग डिस्क लावून चकचकीत पत्रा येईपर्यंत घासा, त्यावर ८० नंबरचा पॉलिश पेपर. पत्र्याला बारीक ओरखडे हवेतच, गुळगुळीत पत्र्यावर प्रायमर धरत नाही. जिथं जुना रंग चांगला आहे तिथं कड १८० आणि २४० नंबरनं घासून उतरती करा.

खड्ड्याखड्ड्यांत काळे ठिपके उरतात. त्यांच्यासाठी फॉस्फोरिक आम्लाचं रस्ट कन्व्हर्टर ब्रशनं लावा. गंजाचं फॉस्फेट होऊन तो भाग करडा-काळा पडतो. हे फक्त उरलेल्या ठिपक्यांसाठी आहे, सुट्या पापुद्र्यांवर ओतायचं औषध नव्हे. आणि डब्यावर सांगितलं असेल तसं ते धुऊन, लगेच पुसून, हीट गननं सुकवायचं. आम्ल उरलं तर त्यावर मारायचा इपॉक्सी प्रायमर नीट पिकत नाही, म्हणजे कडक होत नाही, आणि काही महिन्यांनी चादरीसारखा निघतो. शेवटी वॅक्स-ग्रीस रिमूव्हरनं दोन फडक्यांनी पुसा: एकानं ओलं, ते सुकायच्या आत दुसऱ्यानं कोरडं. त्यानंतर पत्र्याला उघडा हात लावायचा नाही. बोटांचा घाम आणि तेलकटपणा पुरेसा होतो.

प्रायमर आणि सांधे

साफ केलेला पत्रा रात्रभर उघडा ठेवू नका. त्याच दिवशी दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर मारा, हार्डनर डब्यावरच्या प्रमाणात मोजून. नजरेनं ओतायचा नाही. बाजारात पटकन मिळणारा साधा रेड ऑक्साइड किंवा राखाडी प्रायमर ओलावा आत घेतो, तो इथं नको. इपॉक्सीचे दोन हात, मध्ये डब्यावर दिलेला वेळ. जस्ताचा प्रायमर वापरायचा असेल तर तो थेट उघड्या पत्र्यावरच काम करतो. इपॉक्सीवर किंवा कन्व्हर्टरवर मारलेल्या जस्ताला लोखंड भेटतच नाही, मग त्याचा उपयोग नाही.

इपॉक्सी सुकल्यावर जिथं जिथं दोन पत्रे भेटतात तिथं पॉलियुरेथेनचं सीम सीलर भरा आणि ओल्या बोटानं दाबून बसवा. सिलिकॉन कधीही वापरू नका, त्यावर रंग धरत नाही. पाणी बाहेर पडायच्या फटी मात्र सील करायच्या नाहीत. सिलच्या खालच्या कडेला कंपनीनं मुद्दाम सोडलेली मोकळी जागा आणि साधा सांधा यातला फरक ओळखा. खात्री नसेल तर वरून मगभर पाणी ओतून पाहा, ते कुठून बाहेर येतं ते दिसेल. हे मात्र सफाईच्या आधी करा.

कोणतं कोटिंग

डांबरी: स्वस्त, सगळीकडं मिळतं. सुरुवातीला लवचिक असतं, काही वर्षांत कडक होऊन भेगाळतं, आणि भेगेतून शिरलेलं पाणी मागे धरून ठेवतं. त्यावर रंग मारला तर डांबराचा पिवळा-तपकिरी डाग वर येतो. दिसणाऱ्या सिलवर ते मी कधीच मारणार नाही.

रबर किंवा ॲक्रेलिकचं स्टोन चिप कोटिंग: दिसणाऱ्या खालच्या भागासाठी माझी पसंती यालाच. खडा लागला की दबतं आणि परत येतं, वर गाडीचा रंग मारता येतो, आणि पुढे दुरुस्ती करायची झाली तर निघतं. डब्यावर 'रंग मारता येतो' असं लिहिलेलं नीट पाहून घ्या, कारण शेजारीच न रंगणारा प्रकारही तशाच डब्यात असतो.

दोन भागांचं पॉलियुरेथेन, म्हणजे पिकअपच्या हौद्यात मारतात तसलं बेडलायनर: फार कणखर. चाकाच्या कमानीच्या आत उत्तम. पण उद्या वेल्डिंग करायची वेळ आली तर ते काढता काढता जीव जातो, आणि जुन्या गाडीच्या नाजूक सिलवर त्याचा जाड दाणा शोभत नाही. याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसाला कायमचा त्रास देऊ शकतं. रुमाल किंवा कापडी मास्क इथं काहीच करत नाही. बाहेरची हवा पुरवणारा मास्क नसेल तर हे काम सोय असलेल्या पेंटरकडंच द्या.

आणि वॉशिंग सेंटरवर पावसाळ्याआधी डिझेल-ऑइल फवारून देतात, किंवा घरी जळकं ऑइल मारतात, ती जुनी सवय सोडा. जळक्या ऑइलमध्ये आम्लं आणि काजळी असते, डिझेलनं सस्पेन्शनची रबरं फुगतात, आणि पहिल्या जोराच्या पावसात ते सगळं तुमच्या अंगणात, मग विहिरीत.

फवारणी

इपॉक्सी पूर्ण कडक झाल्यावर ३२० नंबरनं किंवा स्कॉचब्राइटनं चमक घालवा, पुन्हा पुसा. आता टेप लावायचं काम. यावर मी अर्धा दिवस घालवतो.

झाकायचं काय: ब्रेकचे पाइप, हँडब्रेकची केबल, सायलेन्सर, प्रोपेलर शाफ्ट, मागचे पाटे, शॉक ॲब्सॉर्बरचा दांडा, बोल्टचे आटे, ब्रेक ड्रम. आणि पाणी जायची सगळी भोकं. त्या प्रत्येकात मी आइस्क्रीमच्या काडीचा तुकडा किंवा गुंडाळलेल्या टेपची गुंडी घालतो आणि किती घातल्या ते खडूनं जमिनीवर लिहितो. माझ्या गाडीला एका बाजूला सहा निघाल्या. काम संपल्यावर सहाच्या सहा बाहेर आल्या पाहिजेत.

वरची रेषा कुठं घ्यायची हा डोळ्याचा प्रश्न आहे. दरवाज्याखालच्या घडीच्या बरोबर खाली घेतली तर कोटिंगचा दाणा गाडीच्या मूळ रेषेत लपतो. दरवाज्याच्या मध्यापर्यंत वर नेलेलं खडबडीत कोटिंग जुन्या गाडीचं रूप बिघडवतं. टेप सपाट न चिकटवता तिची कड उलटी दुमडून ठेवा, म्हणजे थराची कड तुटक पायरीसारखी न दिसता विरत जाते.

याची बंदूक वेगळी असते, तिला शुट्झ गन म्हणतात. शुट्झ हा जर्मन शब्द, अर्थ संरक्षण. एक लिटरचा डबा थेट तिच्या आट्यांवर बसतो. डबा आधी दोन मिनिटं जोरजोरात हलवा. मग गाडीकडं न वळता पुठ्ठ्यावर मारून पाहा. हवेचा दाब जास्त आणि अंतर जास्त असेल तर दाणा बारीक, दाब कमी आणि जवळून मारलं तर संत्र्याच्या सालीसारखा जाड. मी चार ते पाच बार दाबावर, साधारण फूटभर अंतरावरून सुरू करतो. पुठ्ठ्यावर मनासारखा दाणा आला की हात थांबवायचा नाही, सिलच्या एका टोकाबाहेरून सुरू करून दुसऱ्या टोकाबाहेर संपवायचं. एकाच हातात जाड थर ओतला की तो खाली ओघळतो, आणि आत अडकलेलं पाणी किंवा थिनर आठवडाभर सुकत नाही. दोन पातळ हात, मध्ये हाताला न चिकटेपर्यंत थांबून. पुढच्या चाकाच्या मागे, जिथं खडे सर्वांत जास्त लागतात, तिथं तिसरा.

टेप कोटिंग अर्धवट ओलं असतानाच, स्वतःवर उलटी दुमडत ओढा. पूर्ण सुकल्यावर ओढली तर कड फाटते. एक-दोन दिवसांनी, डब्यावरच्या वेळेप्रमाणे, गाडीचा रंग. कोटिंग ऊन आणि अतिनील किरणांत उघडं राहिलं तर भुकटी होत जातं, म्हणून वरचा रंग फक्त दिसण्यासाठी नाही.

आतला मेणाचा थर

बाहेरचं सगळं झालं, रंग वाळला, वेल्डिंग पुन्हा होणार नाही अशी खात्री झाली, मग कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळीत फवारायचं मेण. क्रम बदलू नका, मेण पेटतं.

आधी सिलच्या आत कॉम्प्रेसरची हवा मारून सुटी माती काढा आणि गाडी दोन दिवस उन्हात ठेवा. आत ओल असताना मेण मारलं तर ओल मेणाखाली बंद होते. मग चहूबाजूंनी फवारणाऱ्या तोंडाची लवचिक नळी सिलच्या एका टोकापर्यंत सारा आणि मेण सोडत सावकाश मागे ओढा. मी सेकंदाला दोन बोटं या गतीनं ओढतो. पुन्हा एकदा, दुसऱ्या बाजूनं. कॅमेरा आत घालून वरची घडी भिजली का ते पाहा, तिथं नळी नेहमी चुकते. दरवाज्यांच्या तळात, मडगार्डच्या मागच्या कोपऱ्यात, डिकीच्या पेटीतही द्या. भर दुपारी पत्रा गरम असताना दिलेलं मेण सांध्यात आपोआप उतरतं.

गाडीखाली जुनी वर्तमानपत्रं अंथरा, दिवसभर ठिबकेल. दुसऱ्या दिवशी प्रत्येक भोकातून तार फिरवून ते मोकळं करा. काड्या मोजा.

पुराचं पाणी आणि पुढची देखभाल

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी ज्या गाड्यांच्या सिलवर चढलं, त्यांच्या पोकळ्यांत गाळ बसला. असं पाणी लागलं तर गाळ सुकायच्या आत स्वच्छ पाण्याची नळी सिलमध्ये घालून, खालून नितळ पाणी येईपर्यंत धुवा. वाळलेला गाळ नंतर निघत नाही, आणि दर पावसाळ्यात स्पंजासारखा ओला होतो. पूर्ण सुकवून मेणाचा थर नव्यानं द्या.

कोकणातून आल्यावर त्याच आठवड्यात खालून साध्या पाण्यानं धुणं. प्रेशर वॉशरचं तोंड कोटिंगच्या कडेवर जवळून रोखू नका, सुटी कड उचलली जाते. गाडी गवतावर किंवा मातीवर न लावता शहाबादी फरशीवर किंवा कोब्यावर लावा. प्लॅस्टिकचं कव्हर रात्रीची ओल आत कोंडतं, हवा खेळणारं कापडी घ्या.

खड्यानं टवका उडाला तर तो पुढच्या रविवारपर्यंत ठेवू नका. सुटी कड ब्लेडनं कापा, घासा, ब्रशनं इपॉक्सीचा ठिपका, सुकल्यावर कोटिंगचा ठिपका, वर रंग.

वर्षातून दोनदा मी गाडीखाली जातो. एकदा मे महिन्यात, आणि एकदा दसऱ्याला गाडीची पूजा करायच्या आधी, पावसाळ्याचं नुकसान ताजं असताना. हातात टॉर्च, खिशात तार. सहा भोकं डावीकडं, सहा उजवीकडं, चार दरवाज्यांची वेगळी. तार आत गेली आणि टोकाला थोडं मऊ मेण लागून आली की ते भोक झालं. टोकाला तांबडी माती लागली, तर त्याच दिवशी चाक काढून कुठून आली ते शोधायचं.